बुडालेल्या इंजिनाला घाई सोसत नाही

अशी कल्पना करा की, कोकणातल्या एका खाडीकाठी तुमचे मामा राहतात. त्यांची मासेमारीची एक लहान होडी आहे आणि तिच्यात एका सिलिंडरचे डिझेल इंजिन बसवलेले आहे. नारळी पौर्णिमा होऊन गेली आहे. हंगामाचे पहिले चार दिवस मासळी बरी मिळाली. पाचव्या रात्री मात्र धो धो पाऊस झाला. नांगरलेल्या होडीत पावसाचे पाणी साठले, भरतीच्या लाटांनी त्यात भर घातली आणि सकाळी पाहतात तो काय, होडी काठापर्यंत पाण्यात बसलेली! इंजिन सगळेच्या सगळे खाऱ्या पाण्याखाली.

ओहोटी लागल्यावर सगळ्यांनी मिळून पाणी उपसले. इंजिन वरून पुसले. ते अगदी कालच्यासारखेच दिसत होते. खलाशांपैकी एक जण म्हणाला, "हँडल मारून बघू या का? झालं चालू तर झालं!" मामांनी आधी मिस्त्रींना फोन लावला. मिस्त्री परगावी होते. उद्या संध्याकाळशिवाय त्यांना येता येणार नव्हते. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. पहिली: "हँडलला कोणी हात लावू नका." दुसरी ऐकून मात्र सगळे चकित झाले. "इंजिन सोडवून बाहेर काढा, गोड्या पाण्याने धुवा आणि विहिरीजवळच्या जुन्या टाक्यात, गोड्या पाण्यात, पूर्ण बुडवून ठेवा. मी आल्यावरच वर काढा."

पाण्याने बिघडलेले इंजिन पुन्हा पाण्यातच? हा काय उलटा न्याय? ते उन्हात वाळवायला नको का?

मिस्त्रींचे बरोबर होते. त्यांच्या पहिल्या सूचनेमागे पदार्थविज्ञान आहे आणि दुसरीमागे रसायनशास्त्र. ते कसे, हे आपण क्रमाने पाहू या.

इंजिनाच्या पोटात काय चालते?

डिझेल इंजिनाच्या सिलिंडरात एक पिस्टन वरखाली होत असतो. पुस्तकात त्याला दट्ट्या म्हणतात. पिस्टनला एक दांडा जोडलेला असतो. तोच कनेक्टिंग रॉड. त्याचे दुसरे टोक क्रँकला जोडलेले असते. त्यामुळे पिस्टनच्या वरखाली होण्याचे रूपांतर क्रँकच्या फिरण्यात होते. क्रँकच्या टोकाला जड चाक असते, ते फ्लायव्हील. एकदा फिरू लागले की ते सहजासहजी थांबत नाही.

पिस्टन खाली जाताना हवा आत घेतो. मग झडपा बंद होतात आणि वर येताना पिस्टन ती हवा दाबतो. डिझेल इंजिनाचे वैशिष्ट्य या दाबण्यात आहे. मामांच्या इंजिनातील सिलिंडरचा व्यास १०० मिलिमीटर आहे आणि पिस्टन खालपासून वरपर्यंत जाताना ८०० मिलिलिटर जागा व्यापतो, असे धरू. पिस्टन अगदी वर पोचल्यावर त्याच्या डोक्यावर ५० मिलिलिटर जागा उरते. म्हणजे ८५० मिलिलिटर हवा ५० मिलिलिटरात, सतराव्या हिश्शात कोंबली जाते. सायकलचा पंप मारताना त्याचे टोक गरम होते, हे तुम्ही अनुभवले असेलच. येथे तर हवा इतकी दाबली जाते की, तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्याच क्षणी नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा उडतो आणि ठिणगीशिवाय पेट घेतो. रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याने अशा तऱ्हेच्या इंजिनाची यशस्वी चाचणी १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे घेतली. तेव्हापासून त्याचे नाव इंजिनालाही मिळाले आणि इंधनालाही.

आता हे सर्व ज्या गोष्टीवर अवलंबून आहे, ती लक्षात घ्या. हवा दबते, म्हणून इंजिन चालते. हवेच्या जागी पाणी असेल तर?

पाणी का दबत नाही?

एक साधा प्रयोग करा. सुई नसलेली प्लॅस्टिकची पिचकारी घ्या. औषधाच्या दुकानात मिळते तीच. तिच्यात हवा ओढून घ्या, तोंडावर बोट घट्ट दाबून धरा आणि दट्ट्या ढकला. तो बराच आत जाईल आणि सोडल्यावर मागे येईल. आता पिचकारीत पाणी भरा, सगळे बुडबुडे काढून टाका आणि पुन्हा तसेच करा. दट्ट्या जागचा हलणार नाही.

कारण सोपे आहे. वायूचे रेणू एकमेकांपासून दूर दूर असतात. त्यांना जवळ आणायला जागा असते. द्रवाचे रेणू जवळ जवळ चिकटूनच असतात. भरलेल्या एस.टी.त आणखी माणसे कोंबण्यासारखे ते आहे.

पाणी मुळीच दबत नाही की थोडे तरी दबते, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. सतराव्या शतकात इटलीतील फ्लॉरेन्स येथील प्रयोगकर्त्यांनी चांदीचा पोकळ गोळा पाण्याने भरून पक्का बंद केला आणि हातोड्याने ठोकून पाहिला. गोळा चेपला, पण पाणी दबण्याऐवजी चांदीतूनच बारीक थेंबांच्या रूपाने पाझरले. पाणी दबत नाही, असाच समज त्यानंतर पक्का झाला. पुढे १७६२ मध्ये जॉन कँटन या लंडनमधील शाळामास्तरांनी अतिशय काळजीपूर्वक मोजमापे करून दाखवले की, पाणी दबते, पण अगदी किंचित.

किती किंचित? पाण्याचे घनफळ फक्त एक टक्क्याने कमी करायचे, तर सुमारे २२० वातावरणांचा दाब लागतो. एक वातावरण म्हणजे साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम भार.

आता मामांच्या इंजिनाचे गणित करू. पिस्टनच्या वर ५० मिलिलिटर जागा उरते, असे आपण धरले. म्हणजे चहाचा अर्धा कप! एवढे पाणी सिलिंडरात असेल तर पिस्टन वर येता येता ती जागा पाण्याने पूर्ण भरून जाते. त्याहून थोडे जरी अधिक असले तरी पिस्टनला वरपर्यंत पोचता येत नाही. समजा, पिस्टनने जोर करून पाणी एक टक्क्याने दाबले. म्हणजे अर्धा मिलिलिटर. पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस सेंटिमीटर आहे. तेव्हा अर्ध्या मिलिलिटरासाठी पिस्टन पुढे सरकेल एक मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. पण तेवढे सरकण्यासाठी दर चौरस सेंटिमीटरला २२० किलोग्रॅम, म्हणजे एकूण सुमारे १७ टन जोर लागेल!

हा जोर कोण सोसणार? वर सिलिंडरचे हेड, खाली क्रँक आणि मधोमध कनेक्टिंग रॉड. इंजिन व्यवस्थित चालू असताना रॉडवर येणारा भार याच्या निम्म्याच्या आसपास असतो आणि त्यालाच तो पुरून उरेल असा बनवलेला असतो. पाण्याने अडवल्यावर तो वाकतो. कधी मोडतो. मोडलेला दांडा इंजिनाच्या कुशीला भोकही पाडू शकतो.

"पण हँडल मारणाऱ्या माणसाच्या हातात एवढा जोर कुठला?" असे तुम्ही विचाराल. प्रश्न चांगला आहे. लहान इंजिन सुरू करताना आधी एक खटका उचलून झडप उघडी ठेवतात, म्हणजे हवा दाबली जात नाही आणि हँडल हलके फिरते. फ्लायव्हीलला चांगली गती आली की खटका सोडतात. त्या वेळी काम करतो तो हात नव्हे, तर जड चाकात साठलेली गतिज ऊर्जा. ती सगळी ऊर्जा एका क्षणात, केसभर अंतरात खर्च व्हायची असेल तर जोर किती मोठा होईल? भिंतीवर आपटलेली गाडी आणि वाळूत रुतून थांबलेली गाडी यांतला फरक आठवा. बॅटरीवर चालणाऱ्या स्टार्टरचीही तीच गोष्ट. म्हणून मिस्त्री म्हणाले, "हँडलला हात लावू नका." पाणी इंजिन मोडत नाही. पाणी आत असताना केलेली घाई इंजिन मोडते.

पाणी शिरते कुठून?

होडी बुडाली म्हणजे पाणी आत जाणारच. पण तरंगत्या होडीच्या इंजिनातही पाणी शिरू शकते. त्याचे मार्ग ओळखून ठेवण्यासारखे आहेत.

काही होड्यांत पंपाने समुद्राचेच पाणी घेऊन इंजिन थंड करतात आणि मग ते पाणी धुराच्या नळीत सोडतात. धूर थंड होतो, आवाज कमी होतो आणि धुराच्या जोराने पाणी बाहेर फेकले जाते. व्यवस्था छान आहे, पण धूर आहे तोवरच. इंजिन चालू होत नाही म्हणून आपण ते पुन्हा पुन्हा फिरवत राहिलो तर पंप दर वेळी पाणी ढकलतो, पण ते बाहेर फेकायला धूर नसतो. नळी भरत जाते आणि शेवटी पाणी उलटे झडपेतून सिलिंडरात उतरते.

दुसरा मार्ग वक्रनलिकेचा, म्हणजे सायफनचा. टाकीतले पाणी नळीने काढताना एकदा ओढून दिले की पुढे ते आपोआप वाहत राहते. इंजिन समुद्राच्या पातळीच्या खाली बसवलेले असेल तर ते बंद केल्यावरही थंडाव्याच्या नळीतून पाणी असेच गुपचूप आत वाहत राहते. रात्रीत अर्धा कप पाणी जमायला कितीसा वेळ लागणार?

तिसरा मार्ग इंजिनाच्या पोटातला. सिलिंडरभोवती थंड पाणी खेळत असते. हेडखालचे पॅकिंग फुटले किंवा थंडाव्याच्या पाण्याची वाट कुठे गंजून सच्छिद्र झाली, तर ते पाणी सिलिंडरात किंवा ऑइलमध्ये येते.

पाणी गेले, हवा आली

आता दुसऱ्या सूचनेकडे वळू. इंजिन वाळवायचे सोडून गोड्या पाण्यात का बुडवायचे?

लोखंड कशाने गंजते, असे विचारले तर बहुतेक जण उत्तर देतात, "पाण्याने." हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. गंजण्यासाठी पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. लोखंडाच्या पृष्ठभागावर काही ठिकाणी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतात. हे इलेक्ट्रॉन धातूतूनच दुसऱ्या जागी जातात आणि तेथे पाणी व ऑक्सिजन त्यांना स्वीकारतात. त्यातून पुढे तांबूस गंज तयार होतो. थोडक्यात, गंजणाऱ्या लोखंडावर असंख्य सूक्ष्म विद्युत्‌घट चालू असतात. पाण्यात मीठ असले की ते विजेचे चांगले वाहक बनते आणि या घटांचे काम झपाट्याने चालते. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातले क्लोराइड धातूवरचे संरक्षक थरही टिकू देत नाहीत.

आता ऑक्सिजनचा हिशेब पाहा. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. आपल्याकडच्या तापमानाला एक लिटर गोड्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो जेमतेम ८ मिलिग्रॅम! शिवाय स्थिर पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने हजारो पटींनी हळू पसरतो. तेव्हा टाक्यात बुडवलेल्या इंजिनाजवळचा थोडासा ऑक्सिजन संपला की नवा पोचायला फार वेळ लागतो.

याउलट, पाण्यातून काढून वाऱ्यावर ठेवलेल्या इंजिनाची स्थिती कशी असते? आतल्या भागांवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर आणि त्याला लागूनच मुबलक हवा. ऑक्सिजनला केवळ केसाइतके अंतर ओलांडायचे असते. गंजायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. काही तासांतच चकचकीत सिलिंडरवर तांबूस झाक दिसू लागते. उन्हात ठेवूनही काम भागत नाही. पाणी उडून गेले तरी मीठ मागे राहते. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटलेले तुम्ही पाहिले असेल. तेच मीठ सिलिंडरात बसून दमट हवेतली बाष्पे शोषून घेते आणि पुन्हा ओले होते.

म्हणून मिस्त्रींनी गोडे पाणी सुचवले. त्यात मीठ विरघळून जाते आणि हवा दूर राहते. अर्थात हा कायमचा उपाय नव्हे. त्याने फक्त एक-दोन दिवसांची सवड मिळते. इंजिन मोठे असेल आणि उचलता येत नसेल, तर आतले पाणी काढून, गोड्या पाण्याने धुऊन ते डिझेलने किंवा ऑइलने काठोकाठ भरून ठेवतात. उद्देश एकच, हवेला आत जागा ठेवायची नाही.

हे तुम्ही शाळेत पडताळून पाहू शकता. चार परीक्षानळ्यांत एकेक चकचकीत खिळा ठेवा. पहिल्या नळीत साधे पाणी घाला, पण खिळा अर्धा बाहेर राहू द्या. दुसरीत तसेच मिठाचे पाणी घाला. तिसरीत उकळून हवा घालवलेले पाणी खिळा पूर्ण बुडेल इतके घालून वर खोबरेल तेलाचा थर द्या. चौथीत निर्जल कॅल्शियम क्लोराइड घालून बूच लावा. आठवड्याने पाहा. तिसरा खिळा पूर्ण पाण्यात बुडलेला असूनही जवळजवळ जसाच्या तसा असेल!

इंजिन जाम का होते?

पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात फट असते ती साधारणपणे वहीच्या एका कागदाच्या जाडीएवढी. पिस्टनभोवती बिडाच्या रिंगा असतात. त्या तर सिलिंडरला टेकूनच असतात. गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुप्पट-तिप्पट, कधी त्याहूनही अधिक जागा व्यापतो. रिंग आणि सिलिंडर दोन्ही गंजले की मधली फट गंजाने गच्च भरते आणि दोन्ही भाग जणू एकमेकांना चिकटतात. मग फ्लायव्हील हलता हलत नाही. यालाच इंजिन जाम होणे म्हणतात.

पाण्याचा आणखी एक प्रताप ऑइलमध्ये दिसतो. ऑइल मोजण्याची पट्टी बाहेर काढावी तो तिच्यावर काळ्या-तपकिरी ऑइलऐवजी दुधाच्या चहासारखे काहीतरी दिसते. फिरत्या भागांनी घुसळल्यामुळे पाण्याचे सूक्ष्म थेंब ऑइलमध्ये अडकतात आणि प्रकाश विखुरल्यामुळे मिश्रण दुधाळ दिसते. बाटलीत थोडे पाणी आणि थोडे तेल घेऊन जोराने हलवा, म्हणजे हा रंग तुम्हांला घरीच पाहता येईल. अशा ऑइलचा अखंड पडदा बेअरिंगवर टिकत नाही. मग धातूवर धातू घासतो.

मिस्त्री आल्यावर

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्त्री येतात. इंजिन टाक्यातून वर निघते आणि त्या क्षणापासून काम न थांबता चालते. बाहेर हवा आहे, हे ते विसरत नाहीत.

सर्वांत आधी नोझल काढतात. आता सिलिंडरातील पाण्याला बाहेर पडायला वाट झाली. मग फ्लायव्हील हाताने, अगदी सावकाश फिरवतात. भोकातून पाण्याची चिळकांडी उडते, म्हणून तोंड दूर ठेवायचे. चाक सहज फिरले तर समजायचे की, केवळ पाणी अडकले होते आणि आपण वेळेवर थांबलो. इंजिनाला स्टार्टर असेल तर पहिल्यांदा बॅटरीच्या तारा सोडवतात.

नंतर खालचा बूच उघडून ऑइल काढतात. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने ते तळाशी बसलेले असते आणि पहिल्यांदा तेच बाहेर येते. डिझेलची टाकी आणि गाळण्याही रिकाम्या करतात, कारण नोझलमधून पाणी जाणे फार वाईट. मीठ राहिले असेल या शंकेने पुन्हा एकदा गोड्या पाण्याने धुणे होते. लगेच डिझेल ओतून ते पाणी हुसकावतात आणि मग साधे, स्वस्त ऑइल घालून चाक फिरवतात. ते दुधाळ होऊन येते. ते काढून पुन्हा ताजे घालतात. असे दोन-तीनदा होते.

शेवटी नोझल बसवून इंजिन चालू करतात आणि काही वेळ हलक्या भाराने चालू ठेवतात. ऑइल तापले की उरलेसुरले पाणी वाफ होऊन निघून जाते. त्यानंतरही ऑइल आणखी एकदा बदलावे लागते. येथे कंजुषी केली तर बेअरिंग जाते.

हे सगळे काढलेले ऑइल पिंपात साठवायचे, खाडीत ओतायचे नाही. तेलाचा पातळ तवंग पाण्यावर दूरवर पसरतो आणि खाडीच्या उथळ पाण्यात वाढणाऱ्या माशांच्या पिलांवर घाला घालतो. ज्या मासळीवर पोट चालते तिलाच विष कशाला?

आणि जाम झालेच असेल तर?

समजा, मामांनी मिस्त्रींचे ऐकले नसते आणि इंजिन आठ दिवस तसेच उघड्यावर पडले असते. चाक हलत नाही. अशा वेळी लांब पहार लावून जोर करण्याचा मोह होतो. मीटरभर लांबीच्या पहारीच्या टोकावर ५० किलोग्रॅमचा भार दिला तर तरफेच्या नियमाने पिस्टनवर सुमारे एक टन जोर येऊ शकतो, कारण क्रँकची त्रिज्या जेमतेम पाच सेंटिमीटर असते. रिंगा बिडाच्या आणि बीड ठिसूळ. सुटण्याऐवजी त्या तुटतात.

येथे कामाला येते ती केशाकर्षणाची शक्ती. रॉकेल कंदिलाच्या वातीतून वर चढते, ते याच शक्तीने. रॉकेल व डिझेल हे इंजिन ऑइलपेक्षा पातळ असतात आणि त्यांचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. त्यामुळे ते धातूवर भराभर पसरतात आणि गंजातल्या बारीक चिरांतून आत झिरपतात. नोझलच्या भोकातून पिस्टनच्या डोक्यावर डिझेल आणि पातळ ऑइल यांचे मिश्रण ओतून ठेवतात. एक दिवस, दोन दिवस, कधी आठवडाही. पातळी खाली गेली की आनंद मानायचा. मिश्रण वाट काढते आहे!

मग चाक थोडे पुढे, थोडे मागे असे हलवून पाहतात. एकाच दिशेने रेटत नाहीत. गंजलेला नट सोडवतानाही आपण असेच करतो. मागेपुढे हलवल्याने गंजाचे कण चुरडतात आणि त्या जागेत तेल शिरते. पहिल्या दिवशी चाक एक मिलिमीटर हलले तरी काम फत्ते झाल्यासारखेच असते. उष्णतेचीही मदत घेतात. थंडाव्याच्या वाटेत गरम पाणी ओतले की सिलिंडर आधी तापतो आणि प्रसरण पावतो. १०० मिलिमीटर व्यासाचे बीड ६० अंशांनी तापले तर व्यास सुमारे ०.०७ मिलिमीटरने वाढतो. आतला पिस्टन अजून थंड असतो. तेवढ्या अवधीत फट रुंदावते आणि चिकटलेला गंज तडकतो. इंधन आजूबाजूला असताना स्टोव्ह किंवा ज्योत मात्र कधीही वापरू नये.

एवढ्यानेही भागले नाही तर हेड उतरवून, लाकडी ठोकळा ठेवून पिस्टन हलकेच ठोकतात. लोखंडी हातोडा ॲल्युमिनियमच्या पिस्टनवर थेट मारत नाहीत. इंजिन सुटल्यावर रॉड वाकला आहे का, हेही तपासतात. वाकलेल्या रॉडची लांबी कमी झालेली असते, म्हणून पिस्टन पूर्वीइतका वर येत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, इंजिन बुडाल्यावरचे पहिले काही तास मोलाचे असतात. त्या वेळी नोझल काढण्याची पाच मिनिटे आणि दोन-तीन डबे ऑइल यांनी काम भागते. ते तास वाया गेले की, नवा पिस्टन, नवा रॉड, कदाचित नवे इंजिन. मामांसारख्या माणसाचा त्यात सगळा हंगाम जातो. म्हणून खाडीकाठचे जुने जाणकार रोज सकाळी इंजिनाला हात लावण्याआधी ऑइलची पट्टी पाहतात, चार-सहा प्रयत्नांत इंजिन चालू झाले नाही तर समुद्राच्या पाण्याची तोटी बंद करतात आणि पावसाळ्याचे दोन महिने होडी काठावर असताना सिलिंडरात ऑइल घालून, अधूनमधून चाक फिरवून ठेवतात. या प्रत्येक सवयीमागचे कारण आता तुम्हांला सांगता येईल.

विचार करा:

१. पेट्रोल इंजिनात हवा डिझेल इंजिनापेक्षा कमी दाबली जाते. मग पाणी अडकून रॉड वाकण्याचा धोका त्यात अधिक असेल की कमी?

२. खिळ्यांच्या प्रयोगात मिठाच्या पाण्यातील खिळा कोणत्या भागात सर्वांत जास्त गंजला? पाण्याच्या पातळीजवळ की तळाशी? असे का व्हावे?

३. बुडालेले इंजिन गोड्या पाण्याऐवजी समुद्राच्याच पाण्यात ठेवले असते तर काय बिघडले असते?